लिहील त्याची मालिका

मालिका लिहिणं हा मुंबईचा धंदा आहे, असं मुंबईला वाटतं. गोरेगावची चित्रनगरी, अंधेरीतली चॅनेलांची काचेची ऑफिसं, मढ बेटावरचे भाड्याचे बंगले, एवढं भांडवल जवळ असल्यावर कोणालाही तसं वाटेल. पण कॅमेरा मुंबईचा असला तरी कसब आमचं आहे. घडू शकणारी गोष्ट घडू न देणं, घडलीच तर तिचा निकाल लागू न देणं आणि निकाल लागलाच तर त्यावर अपील करणं, या तीन कला ज्याला येतात त्याला मालिका लिहिता येते. रत्नागिरी जिल्ह्यात या तिन्ही कला मूल रांगायला लागायच्या आत त्याच्या कानावरून जातात. आम्ही त्यांना दावा म्हणतो.

आमच्या ओळखीत एक हद्दीचा दावा आहे. दोन चुलतभावांच्या परसांमध्ये जांभ्याचा गडगा आणि गडग्यात फणस. फणसाचं मूळ कोणाच्या हद्दीत, एवढाच मुद्दा. दावा लागला तेव्हा दोघांचेही केस काळे होते. सुरुवातीच्या भागांत मोजणी आली, आणि मोजणीला आणलेला नकाशा भलत्याच सर्व्हे नंबरचा निघाला. मग कैफियत, मग मनाई हुकूम, मग मे महिन्याची सुट्टी. पुढे वादी वारले आणि त्यांचे वारस लागले. वारसांतली मुलगी ठाण्याची, तिचे यजमान स्वतः वकील, म्हणजे कथेत नव्या खलनायकाचा प्रवेश. दरम्यान एका आषाढात फणस उन्मळून पडला. साध्या माणसाला वाटेल, संपलं. सध्या दावा पडलेल्या फणसाच्या लाकडाच्या मालकीचा चालू आहे. मालिकेच्या भाषेत याला ट्रॅक बदलणं म्हणतात, आणि ते शिकवणाऱ्या कार्यशाळा मुंबईत फी घेऊन भरतात.

अशा या मातीतला आमचा एक मित्र मालिकालेखक झाला. त्याचं नाव सांगत नाही. पडद्यावर ते जितका वेळ झळकतं तेवढ्या वेळात ते कोणालाही वाचता येत नाही, मग इथे फुकट कशाला? इथे असताना तो राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं लिहायचा. सावरकर नाट्यगृहात प्राथमिक फेरी, पुढच्या दोन रांगांत परीक्षक आणि त्यांचे पाहुणे, मागे कलाकारांचे नातेवाईक. त्याच्या नाटकांना शेवट असायचे. एकदोन नाटकांना तर दोन-दोन होते. परीक्षक म्हणायचे, शेवट जमलेला नाही. त्याने ते मनावर घेतलं आणि ज्या लेखनात शेवटच नसतो तिथे जायचं ठरवून रात्रीची कोकणकन्या पकडली.

मुंबईत त्याला पहिलं काम मिळालं संवादाचं. मालिकेत लेखनाची वाटणी झालेली असते: कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथालेखक ठरवतो की धाकटी सून घर सोडून जाते. पटकथाकार ठरवतो की ती बुधवारी निघते आणि शनिवारपर्यंत उंबऱ्याशी पोचते. त्या चार दिवसांत ती आणि घरातली बाकीची अकरा माणसं काय बोलतात, ते संवादलेखकाने लिहायचं. पहिल्याच आठवड्यात मित्राच्या सुनेने बुधवारी संध्याकाळी ‘मी चालले’ म्हणून टाकलं. पटकथाकाराचा फोन आला. म्हणाला, ‘अहो, ती गेली! आता मी गुरुवारी काय करू?’ त्या रात्री मित्राने सुनेला माघारी बोलावून देवघरात दिवा लावायला बसवली, आणि तिला काडेपेटी सापडू दिली नाही. त्या काडेपेटीवर एक अख्खा भाग निघाला. तेव्हापासून त्याला काम कमी पडलेलं नाही.

आता या कामाचा हिशोब बघा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचा ऐवज लागतो. आठवड्याला सहा भाग, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर. एकूण झाले एकशे दहा तास. सव्वादोन तासांचं नाटक धरलं तर वर्षाला पन्नास नाटकं भरतात. गडकऱ्यांची उभ्या आयुष्यात पुरी झालेली नाटकं चार, आणि ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं म्हणून मराठी माणूस शंभर वर्षं हळहळतो आहे. चॅनेलवाल्यांना ते दाखवलं असतं तर त्यांनी चार पुऱ्या नाटकांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. अपुरं तेवढं उचललं असतं आणि ते अपुरंच ठेवायच्या अटीवर करार केला असता.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिथे मालिका आल्या तेव्हा आठवड्याला एक भाग आणि तेरा भागांची मंजुरी असा सरकारी शिरस्ता होता. तेरा भागांत गोष्ट संपवायची म्हणजे लेखकाला गोष्ट असावी लागायची. १९८४ साली ‘हम लोग’ आली, मनोहर श्याम जोशींनी दीडशेच्या वर भाग लिहिले, आणि एक कुटुंब जेवढं लांबवावं तेवढं लांबतं हा शोध देशाला लागला. मराठीत दूरदर्शनवरच ‘दामिनी’ रोज यायला लागली. १९९९ ला अल्फा मराठी आलं, त्याच्या पाठोपाठ ई टीव्ही मराठी. मग २००१ साली ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. सासूचे चार दिवस संपायला अकरा वर्षं लागली. सुनेचे चार दिवस कोणी मागितलेही नाहीत, कारण तोवर सूनच सासूच्या वयाची झाली होती.

आता अमेरिकेतून एक नवा हुद्दा इकडे येऊ घातलाय. त्याला शोरनर म्हणतात, म्हणजे मालिका चालवणारा. तिकडे हा माणूस मुळात लेखक असतो. तोच हाताखालचे लेखक नेमतो, त्यांना एका खोलीत बसवून गोष्ट ठरवतो, नट निवडण्यात त्याचा शब्द असतो, संकलनाला तो बसतो आणि पैसे कुठे खर्चायचे तेही तोच सांगतो. हे ऐकून आमचा मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आणि त्याला वेड लागत नाही?’

कारण आपल्याकडे मालिका कोण चालवतं याचा सातबारा काढायचा म्हटला तर तो सामाईक निघतो. एका गुंठ्यावर सतरा नावं. चॅनेलचे फिक्शन हेड, त्यांच्या हाताखालचे ईपी म्हणजे कार्यकारी निर्माते, त्यांच्या हाताखालच्या पत्रकारिता शिकून आलेल्या दोन मुली, निर्माता, निर्मात्याची क्रिएटिव्ह, दिग्दर्शक, त्याच्या गैरहजेरीत दुसरा दिग्दर्शक, नायकाच्या तारखा सांभाळणारा माणूस आणि साबणाचा जाहिरातदार. हे सगळे हिस्सेदार. यात लेखकाचं नाव शोधायचं तर खाली ‘इतर हक्क’ या रकान्यात बघावं लागतं, जिथे विहिरीच्या पाण्याची पाळी आणि सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो. अपवाद होते, नाही असं नाही. प्रतिमा कुलकर्णींनी ‘प्रपंच’ लिहिली आणि दिग्दर्शितही केली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ केली. लोक अजून त्यांची आठवण काढतात. पण त्या आठवड्याच्या मालिका होत्या. आठवड्याला एक भाग असला की माणसाला विचार करायला सहा दिवस मिळतात. रोजच्या मालिकेत तेवढ्या वेळात दोन लग्नं मोडायची असतात.

या सगळ्या हिस्सेदारांच्या वर एक न्यायमूर्ती बसतात. त्यांचं नाव टीआरपी. आकडे येतात गुरुवारी. चॅनेलमध्ये गुरुवारचा उपास सगळे करतात, पारणं कोणाचं होणार ते आकडे ठरवतात. आकडा खाली आला की सोमवारी बैठक. बैठकीत ‘लोकांना काय हवंय’ यावर ज्यांनी तीन वर्षांत लोकलचा प्रवास केलेला नाही अशी माणसं बोलतात. शेवटी ठरतं ते एकच: नायिकेला अजून थोडा त्रास द्या.

२०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत या आकड्यांत शहरंच मोजली जायची. तोवर मराठी मालिकेतली सगळी माणसं दादर ते ठाणे एवढ्या टापूत राहायची आणि दुःखसुद्धा दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावेल एवढंच असायचं. मग ग्रामीण आकडे मोजायला सुरुवात झाली, आणि वर्षा-दोन वर्षांत मराठी मालिकांनी बिऱ्हाडं हलवली. कोल्हापुरात कुस्तीचा आखाडा उभा राहिला, साताऱ्यात फौजी सुट्टीवर आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोकणाचाही नंबर लागला. आम्ही हुरळलो. पण कोल्हापूरच्या वाट्याला प्रेम, साताऱ्याच्या वाट्याला देशप्रेम आणि कोकणाच्या वाट्याला भूत!

‘रात्रीस खेळ चाले’ सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात घडली, आणि खरं सांगायचं तर आम्ही नावं ठेवत ठेवत एकही भाग चुकवला नाही. घरातला कर्ता वारतो, मुलं मुंबईहून येतात, आणि जमिनीचे कागद बाहेर निघतात. यात भुताची गरज काय, असा प्रश्न रत्नागिरीतल्या बऱ्याच वकिलांना पडला. जमिनीचे कागद पुरेसे होते. या मालिकेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचे लेखक प्रल्हाद कुडतरकर स्वतः त्यात पांडूचं काम करत होते, आणि त्या पांडूच्या तोंडी पालुपद होतं ‘इसरलंय’. मालिकेच्या लेखकाला याहून सोयीचं पात्र जगात नसेल. मागच्या महिन्यात काय लिहिलं होतं, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार. पुढे २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो काळ मागे नेऊन, आणि पहिल्या भागात ज्यांच्या मरणापासून गोष्ट सुरू झाली ते अण्णा नाईक ठणठणीत चालायला लागले. मयत पक्षकार स्वतः हजर राहिल्याचं हे महाराष्ट्रातलं गाजलेलं प्रकरण.

त्या मालिकेपासून रत्नागिरीकरांना एक नवाच ताप झाला. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना आता सगळं कोकण मालवणीत बोलायला हवं असतं. मांडवीच्या किनाऱ्यावर भेळवाल्याला ते ‘खंय गेल्लंस?’ विचारतात. तो संगमेश्वरकडचा. तो म्हणतो, ‘कुठे नाही, इथेच आहे.’ पाहुण्यांचा हिरमोड होतो. मित्राने एकदा कोकणातल्या घराचे संवाद आपल्या आजीच्या बोलीत लिहून दिले, तर चॅनेलचा शेरा आला, ‘भाषा अस्सल वाटत नाही.’ शेरा लिहिणारी मुलगी इंदूरची होती.

लेखक प्रत्यक्ष काम कसं करतो, ते मी एका गणपतीत जवळून पाहिलं. मित्र घरी आला होता. चॅनेलची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची शिल्लक, शून्यावर आलेली. पडवीत लॅपटॉप, मांडीवर उशी, आणि फोनला रेंज फक्त विहिरीच्या काठाशी. आत त्याची आई नारळ खवत होती. रात्री नऊच्या सुमाराला ईपीचा फोन आला. मित्र विहिरीवर, मी बॅटरी धरून शेजारी.

‘सर, उद्या सासूबाई नाहीयेत. त्यांचा नाटकाचा प्रयोग आहे.’

‘मग सुनेच्या कानाखाली कोण मारणार? शनिवारचा शेवट तोच आहे ना?’

‘कोणी मारूच नका सर. हात उगारायचा आणि फ्रीझ.’

‘अहो, पण हात कोणाचा?’

‘डुप्लिकेटचा. बांगड्या त्याच घालू. आणि सर, नायिका दुपारी एकपर्यंतच आहे. तिच्या मागून खांद्यावरून घेऊ.’

‘म्हणजे जी मारते ती नाही आणि जिला मारते तीही नाही?’

‘हो सर. बाकी सीन खूप छान लिहिलाय तुम्ही.’

मित्र परत येऊन लिहायला बसला. तेवढ्यात आई खोबऱ्याचं ताट घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, ‘हे बघ, तिला मारूबिरू नकोस. उद्या गौरी यायच्यात घरात.’ चॅनेलच्या सतरा हिस्सेदारांना न जुमानणारं हे अठरावं नाव. मित्राने हात उगारायच्या जागी सासूच्या हातून कुंकवाचा करंडा पाडला. करंडा कोणाच्याही हातून पडू शकतो, त्याला तारखा लागत नाहीत. मी म्हटलं, ‘काकू, तुम्ही बघता की नाही याची मालिका?’ त्या म्हणाल्या, ‘छे रे, आठला मी दुसऱ्या चॅनेलवरची बघते. याच्यात काय होणार ते आधीच कळतं.’ मित्र दुखावून म्हणाला, ‘आई, मला कळत नाही, तुला कसं कळतं?’ त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘जाहिरातीत दाखवतात.’ तेही खरंच होतं. प्रोमो आधी ठरतो. लेखकाला नंतर कळवतात की आपण असं दाखवलंय, तर आता तिथपर्यंत घेऊन या.

नट मालिका सोडून गेला तर काय करतात, हा प्रश्न बाहेरच्यांना फार पडतो. आम्हाला पडत नाही. वारस लावतात. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया म्हणजे रसिका सुनील शिकायला परदेशी गेल्या, ईशा केसकर शनाया झाल्या, आणि पुढे पुन्हा रसिका सुनील आल्या. घरातल्या एकाही माणसाने ‘ही कोण?’ असं विचारलं नाही. कोर्टातसुद्धा काका गेले की पुतण्या उभा राहतो, न्यायाधीश बदलतात, वकिलांच्या जागी त्यांचे चिरंजीव येतात, आणि दावा मात्र त्याच नंबरने पुकारला जातो. दाव्याला माणसं लागतात, विशिष्ट माणसं लागत नाहीत. वारस आणायचे नसतील तर कोमा आहे. कोमातल्या पात्राला संवाद लागत नाहीत, दिवसाचं मानधन वाचतं, आणि ते शुद्धीवर कधी येणार ते टीआरपीशिवाय कोणाला ठाऊक नसतं.

एकदाच काय ते सगळंच थांबलं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद पडली आणि जुलैपर्यंत महाराष्ट्रातल्या सासवा आहे त्या मनःस्थितीत घरी बसल्या. पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली, तेव्हा मालिकांनी गोवा, सिल्वासा अशा ठिकाणी मुक्काम हलवला. एका कुटुंबात मालमत्तेवरून विष घालणं चाललं होतं. ते अख्खं कुटुंब विषासकट रिसॉर्टवर सुट्टीला का गेलं, याचं कारण एका रात्रीत लिहायचं काम लेखकांवर आलं. मित्राने लिहिलं, ‘आजींना समुद्र बघायचाय.’ मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली, तेव्हा आजींचा समुद्र बघून झाला.

असा सगळ्या बाजूंनी तयार झाल्यावर मित्राने ठरवलं की आता स्वतःची मालिका, स्वतःची कथा, आणि तीही रत्नागिरीची. इथे विषयांना तोटा नाही. त्याने आधी थिबा राजा काढला. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. चॅनेलने पहिला प्रश्न विचारला, ‘सासू आहे का?’ मित्राला भरून आलं. सासू होती, आणि अशी होती की आजवरच्या सगळ्या मराठी मालिकांतल्या सासवांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. जावयाला गादीवर तिनेच बसवलं. गादीला आव्हान नको म्हणून राजघराण्यातल्या कित्येकांचा काटा काढला गेला, त्यातही तिचा हात होता. राजाच्या दोन राण्या सख्ख्या बहिणी, दोघी इथे एका छपराखाली. थोरल्या राजकन्येचं मन जडलं ते दारावरच्या पहारेकऱ्यावर, आणि तो इथला सावंत. धाकट्या बहिणींपैकी एकीने राजाच्या मर्जीविरुद्ध त्याच्याच चिटणिसाशी लग्न केलं. राजवाडा १९१० च्या सुमाराला बांधून झाला, तो अजून उभा आहे, म्हणजे सेटचा खर्चही नाही. चॅनेलने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘छान आहे, पण पटत नाही. एका घरात एवढं घडतं का कुठे?’

मग त्याने टिळक काढले. टिळक म्हटल्यावर चॅनेलने पंधरा ऑगस्टचा विशेष भाग देऊ केला. मित्र म्हणाला, तो विषय नाही, ताई महाराज प्रकरण. पुण्यातले सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले, विश्वस्तांत टिळक. विधवा ताई महाराजांनी १९०१ साली औरंगाबादला मुलगा दत्तक घेतला. नंतर त्यांचं मन फिरलं आणि त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. एका गादीला दोन दत्तक! टिळकांवर उलट खोटी साक्ष दिल्याचा खटला झाला, शिक्षा झाली, हायकोर्टात ती सुटली. मधल्या काळात ते राजद्रोहाची सहा वर्षं मंडालेला काढून आले. मंडाले, म्हणजे थिबा जिथून रत्नागिरीला आला तेच गाव. दत्तकाचा दावा मात्र चालूच होता. १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. चौदा वर्षं, पुणे ते औरंगाबाद ते कोल्हापूर ते लंडन. इतकी वर्षं दावा धरून ठेवणाऱ्याचा जन्म रत्नागिरीचा असणं ओघानेच आलं. चॅनेलने विचारलं, ‘यात नायिका पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?’ मित्र म्हणाला, ‘दोन्ही.’ त्यावर त्याला एक पेन ड्राइव्ह देण्यात आला. त्यात एका गाजलेल्या बंगाली मालिकेचे शंभर भाग होते, आणि ते मराठीत उतरवायचे होते. ‘आई कुठे काय करते’ ‘श्रीमयी’वरून आली आणि काही वर्षं गाजली, तेव्हापासून चॅनेलांचा परप्रांतावर फार विश्वास. मित्राने माशाचे तुकडे काढून पोहे घातले आणि काम सुरू केलं.

पैशाचं विचाराल तर ठरलेले मिळतात. भाग दाखवला गेल्यावर नव्वद दिवसांनी. कायद्यात मयताचे वारस लावायची मुदतही नव्वद दिवसांचीच आहे, हा योगायोग नसावा. पण मित्राची खरी अडचण वेगळी होती. एकदा विहिरीवरच बसून तो मला म्हणाला, ‘आपले पणजोबा खोताचं कूळ होते. भात त्यांनी पिकवायचं आणि खोताच्या पडवीत नेऊन ओतायचं. मी तेच करतोय. फक्त आता पडवीला एसी आहे.’ कुळांसाठी पुढे कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला. लेखकांसाठी २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, आणि चित्रपट-मालिकांच्या लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून घेऊनसुद्धा काढून घेता येणार नाही असं ठरलं. मराठी लेखकांनी ‘मानाचि’ नावाची संघटनाही काढली. मालिका, नाटक आणि चित्रपट यांची आद्याक्षरं. आमच्याकडे कूळकायद्याने जमीन मिळाली म्हणजे काय मिळतं, हे विचारायला नको. दावा मिळतो. मित्राला कायदा सांगितला तर तो म्हणाला, ‘रॉयल्टी मागायला मी तयार आहे रे. पण मागितल्यावर उद्यापासून सून दुसऱ्या कोणाच्या हातची काडेपेटी शोधेल.’

तरीही तो सोडत नाही. नाटकाला पुढच्या दोन रांगा परीक्षकांच्या, हे त्याने पाहिलेलं आहे; आणि आता रात्री आठ वाजता गावातून चालत गेलं तर प्रत्येक घरातून त्याचंच एकेक वाक्य ऐकू येतं, एका घरात सुरू झालेलं पुढच्या घरात संपतं. हे सुख गडकऱ्यांना मिळालं नाही. फक्त ते वाक्य त्याचं आहे, हे कुठल्याच घराला माहीत नसतं.

मागच्या उन्हाळ्यात तो गणपतीपुळ्याच्या एसटीत बसला होता. पुढच्या बाकावर दोन बायका, मांडीवर आंब्याच्या पिशव्या. विषय त्याच्या मालिकेतली सासू. एकीने तिला यथेच्छ शिव्या घातल्या. दुसरी म्हणाली, ‘अगो, तिचा काय दोष? लिहून देतात तसं ती बोलते. ज्याने लिहिलंन् ना, त्या मेल्याला एकदा वैशाखात गडग्यावर उभा केला पाहिजे!’

मित्राने आरे-वारेच्या चढावरून तसाच मला फोन लावला. आवाजात दिवाळी होती. म्हणाला, ‘ऐकलंस? चॅनेल नाही, निर्माता नाही, ईपी नाही. लिहिणारा! सरळ मालक म्हणून माझं नाव लावलं तिने.’

मी म्हटलं, ‘उतारा काढून ठेव. गणपतीपुळं यायच्या आत अपील होईल.’